डेअरीवर उभी राहिलेली आक्का

आक्का,

तू गेलीस त्याला आज पाच दिवस झाले. पेपरवाला येऊन तुझं शिक्षण, पुण्याच्या प्रयोगशाळेतली वर्षं, परदेशातली भाषणं असं सगळं विचारून गेला आणि दुसऱ्या दिवशी छापूनही आलं. त्यात एक चूक आहे. तुला त्यांनी कॅन्सरचं ऑपरेशन करणारी डॉक्टर करून टाकलंय. तू असतीस तर लाल पेनानं त्या ओळीला गोल केला असतास आणि पेपर माझ्याकडं सरकवला असतास, जसा काही तो मीच छापला.

गावाला तरी कुठं कळलं होतं? नावापुढं डॉक्टर लागलं म्हटल्यावर गुडघेदुखीपासून कुत्रं चावल्यापर्यंत सगळं तुझ्यापुढं यायचं. तू एकेकाला समजावून सांगायचीस, "आवं, मी माणसांची डॉक्टर न्हाई. मी पेशींचा अभ्यास करती." म्हातारी माणसं गंभीरपणे मान हलवायची आणि खिशातून बीपीची गोळी काढून, ही जेवायच्या आधी का नंतर, असं विचारायची. मग तू चष्मा लावून पाकीट वाचायचीस. हाकलून कुणालाच दिलं नाहीस.

जगाच्या पेशी बघितल्यास, पण स्वतःच्या छातीत काय चाललंय ते तुला दिसलं नाही. "ॲसिडिटी हाय रं सदा, सोडा पिऊन जाईल" म्हणत दोन दिवस काढलेस. तिसऱ्या दिवशी बसल्या जागी गेलीस. ह्याबद्दल मी तुझ्यावर चिडलोय आणि हा राग इतक्यात जाणार नाही, एवढं सांगून ठेवतो. लग्न केलं नाहीस, पोरंबाळं नाहीत, त्यामुळं अग्नी मीच दिला. डोकं भादरून ओसरीवर बसलोय आणि कामधंदा नाही, म्हणून वही काढली.

तुझं काम तू मला पहिल्यांदा समजावून सांगितलंस ते गुऱ्हाळावर. मी काहिलीत उकळणाऱ्या रसावरची मळी काढत होतो आणि तू आपल्या आप्पांच्या बाजल्यावर बसून उसाचं कांडं सोलत होतीस. मी सहज विचारलं, "आक्का, तू नेमकं करतीस तरी काय गं तितं?" तू काहिलीखालच्या चुलवाणाकडं बोट केलंस. म्हणालीस, बापूच्या गुऱ्हाळावरचं चुलवाण आठवतंय का, ते चुकीचं बांधलेलं? मला न आठवून काय होतंय. सगळ्या पंचक्रोशीत त्याची चेष्टा व्हायची. गाडीभर चिपाड, उसाचा वाळलेला चोथा, खायचं, आच थोडी आणि धूरच जास्त. आप्पा म्हणायचे, ते जाळत नाही, नुसतं खातंय.

"गाठीच्या पेशी तशाच असत्यात," तू म्हणालीस. "साखर हावऱ्यासारखी वढत्यात. हवा म्होरं असली तरी नीट जाळत न्हाईत. अर्धवट जाळत्यात आन् उरल्यालं आंबट भाईर टाकत्यात. त्या आंबटानं शेजारच्या चांगल्या पेशी मरत्यात, भिंती ढिल्या व्हत्यात. मग गाठीतली एखादी पेशी त्या फटीतनं निसटती, रक्तात जाती आन् दुसरीकडंच जाऊन घर करती."

"आन् तू काय करतीस?"

"ती निसटल्याली पेशी वाटंत काय खाऊन जगती, ते बघती."

मी झारा हातात धरून उभाच राहिलो. एका पेशीनं वाटेत काय खाल्लं हे बघायला माझ्या बहिणीनं वीस वर्षं घातली होती. मी म्हटलं, "मग, कळलं का?" तू कांड्याचा चोथा टाकलास आणि म्हणालीस, "थोडं कळलं. लय न्हाई." आमच्या धंद्यात असं उत्तर देणाऱ्याला कुणी गुळव्या म्हणून, पाक बघून गूळ उतरवायला, ठेवत नाही. पण त्या दिवशी मला तुझा अभिमान वाटला होता आक्का, कारण सगळं समजल्याचा आव तू आणला नाहीस. हे मी तेव्हा बोललो नाही. पाक चढला होता, मी काहील उतरवायच्या गडबडीत होतो.

आपली भांडणं मात्र मोठ्यानं व्हायची. मी गुळाच्या खोक्यावर तुझा फोटो छापायचं काढलं तेव्हाचं आठवतंय? खाली लिहिणार होतो, शास्त्रज्ञ भगिनीची शिफारस. सांगलीचा व्यापारी तर खूशच झाला होता. तू तो नमुना बघितलास आणि चार तुकडे करून चुलवाणात टाकलास. मी म्हटलं, गुळात लोह असतं, तुमच्या साखरेसारखा मेलेला नसतो. तू म्हणालीस, असंल थोडंफार, पण पेशीच्या दारात पोचला की ती त्याला गावाचं नाव विचारत न्हाई. आठ दिवस मी तुझ्याशी बोललो नाही. सुनीता, माझी बायको, दोघांचे निरोप इकडून तिकडं नेत होती आणि वर हसत होती. ते भांडण तसंच राहिलं. मला अजून वाटतं मी निम्मा बरोबर होतो.

पण आज जे लिहायला बसलोय ते वेगळंच आहे. हायस्कूलच्या बक्षीस समारंभापासून सांगतो, म्हणजे तुला पळवाट राहणार नाही.

दारात फ्लेक्स लागला होता, त्यावर तू आणि तुझ्यापेक्षा मोठे मुख्याध्यापक. सगळा गाव आला होता. तू तेच चुलवाणाचं उदाहरण दिलंस आणि लोकांच्या डोक्यात एकदम उजेड पडला. आपल्या गावात चुलवाण न बघितलेलं माणूस नाही. मागून कुणीतरी उठून विचारलं, "मग चिपाड तोडलं तर चुलवाण इझतंय का?" तू हसलीस. "प्रश्न चांगला हाय, त्याच्यावरच काम चाललंय" एवढं म्हणालीस, तोवर शाल घेऊन पाहुणे उभे होते आणि टाळ्या सुरू झाल्या. तू खाली बसलीस. मी पहिल्या रांगेत होतो आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत सगळ्यात मोठा आवाज माझाच असेल.

उसाच्या गावाला चुलवाणाची गोष्ट सांगितल्यावर ते दुसरं काय समजणार? जाळ बंद, तर आच बंद. पोरांनी मोबाइलवर तेवढाच तुकडा काढला आणि तो शिराळ्यापासून रहिमतपूरपर्यंत फिरला. त्याच्यावर कुणीतरी लिहिलं होतं, साखर तोडा, गाठ विझवा. तुझा साधा फोन, तुला कळायला मार्गच नव्हता. मी बघितला होता. मला वाटलं, आक्काचं नाव होतंय, होऊ द्या. तो तुकडा मी स्वतः चार जणांना पाठवला. हे तुला मी कधीच सांगितलं नाही. आज सांगतोय.

त्यानंतर तीन-एक महिन्यांनी आपण हमीदाचाचीकडं गेलो. घाण्याचा रूळ तिच्या नवऱ्याकडं, उस्मानचाचांकडं, दुरुस्तीला होता, मी तो आणायला आणि तू चाचीला बघायला. तिला छातीत गाठ निघाली होती, मिरजेला केमो चालू होती. दारातून मला आधी ती ओळखूच आली नाही. सगळ्या मोहल्ल्याला माडीवरून हाक मारणारी, पुरणपोळीला आपल्या घरी येणारी आणि शिरखुर्म्याला आपल्याला स्वतःच्या घरी ओढणारी बाई, तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. तुला बघून तिचा चेहरा मात्र फुलला.

"ये सुमे. बघ, तू सांगितलंस तसंच केलंय," ती म्हणाली. "भात बंद, दूध बंद, केळं बंद. चतकोर भाकरी आन् ताक. त्या गाठीला उपाशी मारतीया मी."

तुझ्यापुढं तिनं चहा ठेवला, त्यात साखर जरा जास्तच होती. तू तो सगळा प्यायलीस. मग विचारलंस, "चाची, हे डॉक्टरांना सांगितलंस का?"

"त्यास्नी कशाला? तुझ्यापरीस त्यास्नी जास्त कळतंय व्हय?"

उस्मानचाचा बाहेर रुळाला ग्रीस लावत होते. ते मान वर न करता म्हणाले की वजन उतरलंय म्हणून डॉक्टरांनी ह्या खेपेची केमो पुढं ढकलली. दुसऱ्या दिवशी तू तिला घेऊन मिरजेला गेलीस. डॉक्टरांपुढं तू काय बोललीस ते चाचीनंच नंतर सुनीताला सांगितलं. तू म्हणाली होतीस, हिचं वजन माझ्या बोलण्यानं उतरलंय, हिला रागावू नका. एवढी शिकलेली बाई, भिंतीशी उभी राहून शाळेतल्या पोरीसारखी बोलणी खात होती, असं चाची म्हणाली. तिथल्या आहाराच्या बाईंनी कागदावर सगळं लिहून दिलं. तू तो कागद चाचीच्या मांडणीवर चिकटवलास आणि पहिला घास तुझ्या हातानं भरवलास.

परत आल्यावर तू मला म्हणालीस, मी गावापुढं बोलणार. आणि आपलं खरं भांडण तिथं झालं.

मी म्हटलं, "कशाला? लोक इसरत्यात. चाची खाया लागली न्हवं?"

"एक चाची दिसली. न दिसल्याल्या किती असतील?"

"तू असं कुटं म्हणालीस, साखर तोडा म्हणून?"

"न्हाई म्हणाले. पर त्यानं इचारलं तवा मी अर्धं उत्तर दिलं, सदा. शाल समोर हुती, टाळ्या चालल्या हुत्या. मला लय बरं वाटत हुतं. आपल्या माणसास्नी चुलवाण सांगितल्यावर त्यांच्या डोक्यात काय येणार, हे मला कळाया पाहिजे हुतं. मी काय परगावची हाय?"

मग मी पोटातलं बोललो. गाव साखरेला भ्यायलं तसं गुळालाही भ्यायलं होतं, गिऱ्हाईक कमी झालेलं सगळ्यांना दिसत होतं. आता तू उठून म्हणणार, साखर तोडून उपयोग नाही. लोक म्हणणार, भावाचा गूळ खपंना म्हणून बहीण फिरली. तुझं नाव जाईल आणि माझ्या तोंडाला काळं लागेल. मी म्हणालो, "तू पुण्याला जाशील. मला हितंच ऱ्हायचंय." मला वाटलं चिडशील. तू म्हणालीस, "ते खरं हाय. तू येऊ नगंस," आणि आत गेलीस.

मुख्याध्यापकांनी परीक्षा झाल्यावर बघू म्हटलं. तू थांबली नाहीस. सकाळी दूध घालायला सगळा गाव डेअरीवर येतो, तू तिथं जाऊन काट्याशेजारी उभी राहिलीस. एका दिवसात सगळे भेटत नाहीत म्हणून सलग सहा दिवस, सकाळ-संध्याकाळ दोन्ही पाळ्यांना. किटल्या वाजतायत, फॅट बघायचं मशीन घरघर करतंय, आणि तू प्रत्येक घोळक्याला तेच पहिल्यापासून सांगतीयेस.

मी तिथं नव्हतो. सहाही दिवस मी दूध सुनीताबरोबर पाठवलं आणि आधीच घासलेली काहील पुन्हा घासत बसलो. तू काय बोललीस ते सुनीतानं सांगितलं. पहिल्या दिवशी ती दूध घालून परत येणार होती, पण तुला एकटीला बघून तिथंच थांबली. पुढं रोजच थांबली.

"शाळंत मी चुकीचं बोलले," तू सुरुवातच अशी करायचीस. "चुलवाणाला चिपाड न्हाई दिलं तर ते इझतंय. पर शरीर इझू देत न्हाई. त्याला साखर लागतीच, मेंदूला लागती, काळजाला लागती. तुमी तोंडानं न्हाई दिली तर ते आपल्याच अंगातलं मांस मोडून साखर करतंय. म्हंजी घराचं वासं काढून चुलीत घालायचं. गाठ तशीच ऱ्हाती आन् आधी माणूस झिजतंय. झिजल्याल्या माणसाला औषध सोसत न्हाई."

कुणीतरी विचारलंच, "भावाचा गूळ खपंना व्हय, ताई?" मला ठाऊक आहे कोण ते. तू म्हणालीस, "गूळ खाऊ नका खुशाल. शुगर असंल तर खाऊच नका. पर आजारी माणसाला उपाशी ठेवू नका, आन् काय तोडायचं ते डॉक्टरला इचारल्याबिगर तोडू नका. माझं बी ऐकून तोडू नका."

सुनीता सांगताना थांबली आणि म्हणाली, "तुमी यायला पाहिजे हुतं."

पाचव्या दिवशी दोन घरं आपली आपण तुझ्याकडं आली. एकात म्हातारे वडील आजारी होते, दुसऱ्यात मलकापूरला दिलेली लेक उपचाराला माहेरी आली होती. दोघंही तो मोबाइलवरचा तुकडा बघून जेवण तोडून बसले होते. तू दोघांनाही मिरजेला धाडलंस. हमीदाचाचीचं वजन हळूहळू भरलं आणि केमो पुरी झाली. गाठ कशानं गेली ते मी सांगणार नाही, तूच शिकवलंस, एका माणसावरून काही ठरवायचं नसतं. पण ती आता परत माडीवरून हाका मारते, एवढं मी कानानं ऐकतो.

तुझे कितीतरी कागद परदेशात छापून आले. ते मला वाचता येत नाहीत. पण ज्या गावानं शाल घातली त्याच गावात सकाळच्या गर्दीत उभं राहून, चुकी माझी, असं सहा दिवस म्हणणं, ते मला वाचता येतं. मी आजवर मोठी माणसं पुष्कळ बघितली, पुढारी बघितले, मिलिटरीत पदकं मिळवलेले आपले चुलते बघितले. हे कुणी केलेलं बघितलं नाही. आणि माझ्याच बहिणीनं केलं तेव्हा मी घरात बसलो. तू त्यावरून मला एका शब्दानं बोलली नाहीस. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्यास तर मला हलकं वाटलं असतं.

परवा तुझं रक्षाविसर्जन झालं. नदीकाठी लय माणूस. आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणं श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. मुख्याध्यापक बोलले, सरपंच बोलले. मग माजी सभापती उठले. चांगला माणूस आहे, तुझ्याविषयी त्यांना खरंच आदर होता. आणि शेवटी म्हणाले, "साखर बंद केली की कॅन्सर बंद होतो, हे आपल्या ताईंनी साऱ्या जगाला दाखवून दिलं. आज त्यांच्या राखेसमोर आपण सर्वांनी साखर सोडायची शपथ घेऊ या."

लोकांनी माना डोलावल्या. काहींचे हात वर गेलेसुद्धा.

माझं डोकं भादरलेलं, अंगावर पंचा. ज्यानं अग्नी दिला त्यानं तिथं बोलायचं नसतं, हात जोडून बसायचं असतं. चुलत्यांनी माझा दंड धरला होता. मला वाटलं, आता गप्प राहिलो तर हीच तुझी ओळख होऊन बसेल आणि ती पुसायला तू डेअरीवर येणार नाहीस. मी दंड सोडवला आणि उठलो.

काय बोललो ते सगळं आठवत नाही. म्हणालो, सभापती, माफ करा, आक्का असं म्हणाली नव्हती, आणि म्हणाली असं ज्यांना वाटलं त्यांच्यासाठी ती सहा दिवस डेअरीवर उभी होती, तुमच्यातल्या निम्म्यांनी ऐकलंय. घराच्या वाशांचं सांगितलं. तो तुकडा मीही चार जणांना पाठवला होता, तेही सांगितलं. मागून आवाज आलाच, "गुळव्या हाय त्यो, असंच बोलणार." पण मी थांबलो नाही. म्हणालो, "व्हय, गुळव्या हाय. आन् तिचा भाऊ हाय. ती डेअरीवर बोलत हुती तवा मी घरात लपून बसलो हुतो. म्हणून आज बोलतोय." बायकांच्या घोळक्यातून हमीदाचाची उठून उभी राहिली. मी खाली बसेपर्यंत ती उभी होती.

सभापतींनी शपथ मागं घेतली. राख नदीत सोडली. माणसं पांगायला लागली तेव्हा वरच्या आळीचा तुकाराम माझ्याजवळ आला. त्याच्या आईला मागच्या महिन्यात आतड्यात गाठ निघालीय, मला माहीत नव्हतं. तो म्हणाला, म्हातारी आठवडा झाला पेजेशिवाय काही घेत नाही, तो तुकडा तिनंही बघितलाय.

"आता तिला काय देऊ खायला, सदादा?" त्यानं विचारलं.

आजवर असं कुणी विचारलं की मी म्हणायचो, आक्काला फोन लावतो. माझा हात खरंच खिशाकडं गेला, पंच्याला खिसा नसतो. मी म्हटलं, "मला न्हाई ठाऊक, तुका. ज्यास्नी ठाऊक हाय त्यास्नी इचारू. मी येतो संगं."

सुतकात घराबाहेर पडायचं नाही असं भाऊकीचं म्हणणं आहे. सुनीता डब्याच्या तयारीला लागलीय. उद्या सकाळी आम्ही म्हातारीला घेऊन मिरजेला निघतोय.